खाणीतल्या शेळ्यांच्या घंट्या

तेलुक गलाम गावातल्या शेळ्या त्या आठवड्यात मुक्या हिंडत होत्या. म्हणजे बें-बें चालूच होतं, कुंपणावरची पानं ओरबाडणं चालूच होतं, अचिल जुम्राहच्या, म्हणजे जुम्राहमावशीच्या, चहाच्या टपरीत घुसून केळ्याची सालं पळवणंही चालूच होतं. फक्त गळ्यातल्या घंट्या वाजत नव्हत्या. घंट्या रौदाहच्या शाळेच्या दप्तरात होत्या.

चोरल्या नव्हत्या हं. मागून घेतल्या होत्या. पंधरा वर्षांची रौदाह एकदा मागायला लागली की समोरच्याला देऊन मोकळं होणंच सोपं जायचं. त्या वर्षी मार्तापुराच्या वक्तृत्व स्पर्धेत ती भरल्या सभागृहापुढे उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तिचे गुडघे थरथरले नाहीत. तेव्हापासून तिची खात्रीच झाली होती की जगातली कुठलीही गोष्ट नीट समजावून सांगितली की होते. आईला समजावून झालं, मुख्याध्यापकांना समजावून झालं, शेळीवाल्यांना समजावून झालं. उरले होते खाणीतले लोक. आणि खाणीत तर नेमकी बोलायचीच बंदी.

तोंडाला कुलूप असं नव्हे. पुरुष खाली टोपल्या देता-घेता एकमेकांच्या बायकांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत, फुटबॉलवर भांडत. पण काही गोष्टी जिभेवर आणायच्या नाहीत म्हणजे नाहीत. हिऱ्याला हिरा म्हणायचं नाही, गालूह म्हणायचं. गावात कुठल्याही लाडक्या पोरीला म्हणतात तसंच. गालूह लाजरी आणि भारी मानी. शीळ घातलेली तिला खपत नाही, आरडाओरडा खपत नाही, आणि तिच्याच घरात उभं राहून हे घर पडेल असं कुणी म्हटलं तर ते मुळीच खपत नाही. असं कुणी बोललं की ती उठून निघून जाते. मग वाळूगोट्यांचा अख्खा थर लाकडी परातीत घोळवून घोळवून धुतला तरी हाती काही लागत नाही.

मग खाली लाकूड कुरकुरलं, माती ओघळली, तर करायचं काय? ज्याला आधी कळेल त्याने हातातली कुदळ अलगद खाली ठेवायची आणि निमूट शिडी चढायची. त्याला बघून दुसऱ्याने, दुसऱ्याला बघून तिसऱ्याने. सगळे वर आले की चहा मागवायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. आजोबा-पणजोबांपासून हीच रीत, आणि हीच शहाणपणाची, असं सगळे मानत.

गेल्या वर्षी असेच सगळे चढले होते. रौदाहच्या आईचा भाऊ, अमांग हैरुल, तेव्हा खालच्या आडव्या भुयाराच्या टोकाशी पोटावर पडून गोटे उकरत होता. पाठ सगळ्यांकडे. टोपली भरली तशी त्याने न बघताच ती मागे केली आणि हात लांबवून धरून ठेवली. घेणारा हात आलाच नाही. त्याच्यामागे रौदाहचे वडील, तिचे अबाह, कास्पुल असायचे. त्याला वाटलं, दाजी बसले असतील विडी ओढत.

"हात भरून आला माझा," अमांग हे नेहमी हसत सांगायचा. "आता दाजींना चांगल्या चार शिव्या हासडाव्यात म्हणून तोंड उघडलं, तर तोंडात मातीच आली."

कास्पुलच परत उतरले होते, नखांनी माती उपसून त्यांनीच त्याला बाहेर ओढला होता. डावा पाय मात्र गुडघ्याखाली गेला तो गेलाच. अमांगने त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. पण तेव्हापासून जेवताना अबाह मेहुण्याच्या पानात भाजलेल्या हारुआन माशाचा पोटाकडचा मऊ तुकडा वाढत, आणि वाढताना त्याच्याकडे बघत नसत. रौदाहला ते न बघणं बघवत नसे. अबाह अजून रोज त्याच टोळीत, मुकादम हाजी मसरानींच्या हाताखाली, नव्या खाणीत, आता स्वतः भुयाराच्या टोकाशी पडून खणत होते. त्यांची पाठ सगळ्यांकडे असायची, आणि रौदाहच्या डोक्यात शाळेतला कुठलाही तास त्याच चित्राने सुरू व्हायचा.

युक्ती तिला सुचली ती एका दारामुळे. त्यांचं घर लाकडी खांबांवर उभं. मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अमांग चौकटीत बांबूची एक कामटी आडवी ठोकून बसवायचा. रस्त्यावरून लाकडांचा ट्रक गेला की चौकट केसभर हलायची आणि कामटी टपकन खाली पडायची. कुणाच्या डोळ्यांना हलणं दिसायचं नाही. कामटीला मात्र कळायचं.

कामटी पडताना रौदाहने शंभरदा पाहिली असेल. त्या दिवशी मात्र ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग अमांगला म्हणाली की हीच कामटी खाणीतल्या दोन टेकूंच्या मध्ये बसवली तर? टेकू जवळ सरकले तर ती वाकून निसटेल, लांब गेले तर सैल होऊन पडेल, आणि तिच्यावर दोरीने एक घंटी टेकवून ठेवली तर ती झोका खाऊन वाजेल. माणसाने कुणी काही बोलायलाच नको. जे बोलायचं ते घंटी बोलेल.

अमांग मासे धरायचं टोपलं विणत होता. त्याने विणणं थांबवलं, त्या दाराकडे पाहिलं आणि कोयता मागितला.

हाजी मसरानींना पटवणं ही त्यापुढची पायरी. हाजी अचिल जुम्राहच्या टपरीवर सकाळचा केतुपात, पानात उकडलेला भात, खात होते, अख्खी टोळी भोवती. रौदाहने दारापासून सुरुवात केली, कामटीवर आली, घंट्यांवर आली. हाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पोरी, आवाजाने गालूह बिथरते. बुस्राने, टोळीतल्या सगळ्यात वात्रट माणसाने, शेळ्या बांधायच्याच असल्या तर चाऱ्याचाही बंदोबस्त कर म्हणून सांगितलं. सगळे हसले. गालूहला काय आवडतं, काय नाही, यावर मग जो तो आपापलं मत देऊ लागला. तिला गडद रंग आवडत नाहीत, तिला कांद्याचा वास आवडत नाही.

"हाजी," रौदाह म्हणाली, "तुमच्यापैकी कुणी कधी पोरगी होतं का?"

बुस्राला चहाचा ठसका लागला.

"मी आहे. मला विचारा ना. ती त्या अंधारात किती काळ पडून आहे कोण जाणे, शेळीच्या घंटीला ती काय घाबरते? घरी पाहुणे आले आणि माझ्या मांडीवर मेले, तर मी मात्र त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

हाजी केतुपात चघळत राहिले. टपरीच्या मागे अचिल जुम्राह ओढणीआड हसत होती ते सगळ्यांना दिसत होतं. शेवटी हाजींनी बोटं धुतली आणि शुक्रवारी ये म्हणाले, काम बंद असतं तेव्हा. आणि खाली उतरल्यावर जीभ आवर.

जीभ आवर हे सांगायची गरजच पडली नाही.

रौदाह जन्मापासून खाणींच्या काठावर वाढलेली. वर आलेली माती तिने धुतली होती, परात फिरवली होती, चिखलाने माखलेले पुरुष बाहेर पडताना रोज पाहिले होते. खाली मात्र ती कधी उतरली नव्हती. चार हात रुंद, चौकोनी, पाच पुरुष खोल विहिरीसारखं भोक. चारी बाजूंना गलामच्या लाकडाचे सरळसोट टेकू, त्यांच्यामागे वाशांचा आणि पानांचा भरणा, आणि त्यातून ठिबकणारं पाणी. अबाह खाली, ती मध्ये, वरून अमांग दोरीला बांधलेल्या टोपलीतून कामट्या सोडणार.

पहिल्यांदा लाल माती लागली. मग राखाडी चिकणमाती, कुंभाराच्या हातून नुकती सुटावी तशी गुळगुळीत. मग एकदम काळं. टेकूंच्या फटीतून तिने बोट घातलं तर ते काळं सुटून हातात आलं, आणि ती माती नव्हतीच. पानं होती. एकावर एक, दाबून दाबून बसलेली पानं. एक तिने अलगद सोडवलं. शिरा जशाच्या तशा, कडेचे दाते जसेच्या तसे, रंग पिवळट हिरवा, जणू काल झाडावरून गळलं होतं. हे झाड कुणी पाहिलं असेल, असं तिच्या मनात येतं न येतं तोच, तिच्या तळहातावर, तिच्या डोळ्यांदेखत, ते पान कडेपासून काळं पडत गेलं. हवा लागली म्हणून. इतका काळ कुणी बघितलं नव्हतं म्हणून ते हिरवं राहिलं होतं, आणि तिने बघितलं आणि ते संपलं. रौदाहच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला त्या पानाची माफी मागावीशी वाटली.

त्याच्याही खाली आडवा पडलेला एक बुंधा होता, अर्धा टेकूंच्या आत, अर्धा पलीकडे, कुठवर गेलेला कुणास ठाऊक. आणि सगळ्यात खाली गोटे. गोल, गुळगुळीत, पाण्याने घोळवून घोळवून घडवलेले.

"नदी होती," अबाह हलक्या आवाजात म्हणाले.

तिच्या गावाखाली नदी होती. शाळेखाली, मशिदीखाली, अचिल जुम्राहच्या टपरीखाली एक अख्खी नदी झोपलेली होती, काठावरच्या रानासकट, आणि गाव तिच्या उशाशी चहा पीत बसलेलं होतं.

तिने एका टेकूला तळहात टेकवला. लाकूड गार होतं, आणि स्थिर नव्हतं. आवाज नाही, हलणं नाही, पण झोपलेल्या म्हशीच्या कुशीवर हात ठेवावा तसं काहीतरी आत मंदपणे भरत होतं आणि ओसरत होतं. पाणी उपसायच्या पंपाचा हादरा असेल म्हणावं, तर पंप बंद होता. तिने अबाहंकडे पाहिलं. अबाह तिच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली. नेहमीच असतं, असं त्या मानेत होतं. आणि हे कधी कुणाला सांगितलेलं नाही, हेही होतं.

दोघांनी मिळून कामट्या बसवल्या. भुयाराच्या टोकाशी एक, तोंडाशी एक, मग शिडीच्या कडेने वरवर एकेक. अमांगने त्या अशा तासल्या होत्या की बसताना टक् असा आवाज यायचा आणि मग त्या तिथेच वाढल्यासारख्या दिसायच्या. प्रत्येकीवर एक घंटी टेकवलेली. रौदाह वर आली तेव्हा अमांगने विचारलं, कशी आहे खाली? ती काहीच बोलली नाही. हिला बरं नाही की काय म्हणून त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढच्या मंगळवारी शाळा सुटल्यावर ती सायकलवरून खाणीकडे वळली आणि लांबूनच तिला दिसलं की सगळे पुरुष भर दिवसा वर बसलेत. तिने सायकल जोरात दामटली. मग तिने अबाहंचं निळं मुंडासं पाहिलं आणि वेग कमी केला.

सकाळी भुयारातली घंटी वाजली होती. टोळीतला प्रत्येक माणूस वर आला होता, भुयाराच्या टोकाशी पडलेले अबाहसुद्धा. त्यांना कुणाला वळून बघावं लागलं नव्हतं. पण तेव्हापासून काहीच झालं नव्हतं. हाजींनी विजेरीचा झोत टाकून पाहिलं, टेकू सरळ होते, पाणी होतं तेवढंच होतं.

"तुझ्या शेळीने हाक मारली म्हणून आलो बाई वर," बुस्रा म्हणाला. "आता दूध कोण काढणार?"

कुणी फारसं हसलं नाही, कारण हाजी हसत नव्हते. सकाळीच परातीत काळे तुळतुळीत खडे दिसले होते. ते खडे म्हणजे गालूहच्या मैत्रिणी; त्या आल्या की ती जवळपास असतेच, हे तिथल्या लेकराबाळांनाही माहीत. दोन महिने खणून आता कुठे तिच्या अंगणात पाय पडला होता, आणि संध्याकाळपर्यंत थर उपसला नाही तर पाण्याने तो गाळात जाणार होता. हाजी म्हणाले, दुपारचा नमाज झाला की उतरायचं. कास्पुल पुढे, बाकीचे मागे. घंट्यांचं नंतर बघू.

रौदाह काठावर उकिडवी बसली आणि खाली बघू लागली. कामटी आखूड कापली गेली असेल का? आपण बसवताना ती तिरकी बसली असेल का? उंदीर चढला असेल का? जमीन हलतेय म्हणून ओरडावं आणि ती हललीच नाही, तर या घंट्या उद्या परत शेळ्यांच्या गळ्यात, आणि पुन्हा कधी कुणी तिचं ऐकणार नाही. गप्प बसावं, तर अबाह नमाजाची चटई गुंडाळून शिडीकडे येतच होते. सभागृहापुढे राहिली होती तशी ती उठून उभी राहिली. तिच्याकडे एकही भाषण नव्हतं. एक प्रश्न होता फक्त.

"अबाह, घंटी वाजायच्या आधी तुम्ही काय ऐकलंत?"

असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. बुस्राने चहाचा पेला खाली ठेवला. अबाह शिडीपाशी थांबले. त्यांनी काठावर बसलेल्या अमांगकडे पाहिलं, वर्षभरात पहिल्यांदाच सरळ पाहिलं, त्याच्या रिकाम्या विजारीकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे.

"लाकूड कण्हत होतं," ते म्हणाले. "सकाळी उतरलो तेव्हापासून. मी ऐकत होतो आणि खणत होतो." मग ते हाजींकडे वळले. "हाजी, जमीन चालायला लागलीय. खाण बसणार. मी उतरत नाही, आणि दुसऱ्या कुणालाही उतरू देणार नाही."

खाणीच्या काठावर, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या कानांवर ते शब्द पडले. एकाने तर खरंच कानांवर हात ठेवले. हाजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"गेली," ते म्हणाले. "दोन महिन्यांची मेहनत. तिच्या तोंडावर बोललास, आता ती कशाला थांबते?"

आणि म्हातारा स्वतःच शिडीकडे निघाला. त्याला अडवायची कुणाची हिंमत नव्हती. पहिल्या पायरीवर पाय, दुसरीवर पाय. तिथे तो थबकला. चाळीस वर्षं त्या तळव्यांनी शिड्या ओळखल्या होत्या. तळव्यांना काहीतरी कळलं आणि ते अजून डोक्यापर्यंत पोचायचं होतं, तेवढ्यात खालून आवाज आला.

भुयाराच्या तोंडाशी घंटी वाजली. इतकी बारीक की एखाद्या करडाने लांबच्या माळावर मान हलवावी. मग तिच्या वरची. मग तिच्याही वरची. ओरडा नाही, धडाड नाही, फक्त ती किणकिण, एकेक पायरी वर, एकेक पायरी वर, जणू कुणीतरी पैंजण घालून, मुळीच घाई न करता, शिडी चढून येत होतं. रौदाहच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिला पळावंसं वाटलं नाही. कोण येतंय ते बघावंसं वाटलं.

अबाहंनी हाजींचा दंड धरून त्यांना बाहेर खेचलं आणि सगळ्यांना मागे, मागे, अजून मागे लोटलं. अमांगला बुस्राने पाठुंगळी मारला.

शेवटची घंटी वाजली. क्षणभर काहीच नाही. मग गलामचे ते सरळसोट टेकू, चारी बाजूंचे, हात जोडावेत तसे वरच्या टोकांनी एकमेकांकडे झुकले. आणि जमीन मिटली. कोसळली म्हणावं असं काही नव्हतंच त्यात; झोपेत कूस बदलताना माणूस मूठ मिटतो तशी ती मिटली, हळू, स्वतःच्याच नादात, वर बसलेल्या माणसांशी तिचं काही देणंघेणं नसल्यासारखी. शिडी आत ओढली गेली. पंपाची नळी सापासारखी सळसळत गेली. मग आतून एक लांब, थंड उसासा बाहेर आला, ओल्या पानांच्या वासाचा, ज्या रानाला कुणी नाव दिलं नव्हतं त्या रानाचा वास, आणि तो रौदाहच्या तोंडावरून पुढे निघून गेला.

खाण होती तिथे आता एक उथळ, ओली वाटी होती. तिच्यात पाणी जमायला लागलं. काळं, मग तपकिरी, आणि मग वरचा गाळ बसला तसं त्यात आभाळ दिसायला लागलं.

कुणी हललं नाही. एका शेळीने मात्र पुढे होऊन त्या पाण्याचा वास घेतला आणि नाक फेंदारून परत फिरली.

हाजी मातीत बसून राहिले होते. आता ते काय बोलतात म्हणून सगळे वाट बघत होते. त्यांनी आपल्या तळव्यांवरचा चिखल पुसला, पुन्हा पुसला. मग विचारलं, अगदी घरगुती आवाजात, सकाळी बाजारात भाताचा भाव विचारावा तसं:

"कास्पुल, कण्हत होतं म्हणजे कसं? बारीक की घोगरं?"

"घोगरं," अबाह म्हणाले. "आणि थांबून थांबून."

"बारीक असेल तर लाकूड नुसतं ओलं होत असतं," हाजी म्हणाले. "घोगरं असेल तर वजन आलेलं असतं. माझ्या बापाच्या खाणीत मी ऐकलं होतं. कुणाला सांगितलं नाही."

बुस्राने त्यानंतर तोंड उघडलं आणि त्यातून एकही विनोद बाहेर पडला नाही. तो म्हणाला की त्याला आवाज कळत नाही, पण खाण बसायच्या आधी त्याच्या कानांत दडे बसतात, नेहमी. गेल्या वर्षीही बसले होते. दुसरा म्हणाला की त्याला पाण्याच्या रंगावरून कळतं, दुधट झालं की समजायचं. मग कुणी टेकूवरच्या सालीचं सांगितलं, कुणी भिंतीतून पळणाऱ्या किड्यांचं. अमांग हैरुलने सांगितलं की त्या दिवशी गोट्यांमधली हवा अचानक गार झाली होती. त्याला आवडलं होतं ते, उकाड्यात. अबाह त्याच्या शेजारी येऊन बसले होते. दोघांचे खांदे एकमेकांना लागलेले होते आणि कुणी बाजूला सरकत नव्हतं.

अचिल जुम्राहने तळलेली केळी आणली, कुणी पैशांचं विचारलं नाही, तिनेही नाही. ऊन उतरलं. माणसं बोलतच होती, एकमेकांचं तोडून, हातांनी दाखवून, थांबेचनात; कितीक वर्षांचं, कितीक खाणींचं त्यांच्या आत साठलेलं होतं. ही सगळी माणसं रोज तिच्यासमोरून चिखलाने माखून घरी जात होती, आणि त्यांच्या आत एवढं सगळं होतं, थरावर थर, कुणीच न पाहिलेलं.

रौदाह गुडघ्यांना मिठी मारून त्यांच्यामध्ये बसली होती. तिला मध्येच काहीतरी विचारायचं होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि ती ऐकत राहिली.